गणपतीपुढची पांढरी पूड

आम्ही बादली मोरीत ओतली, की ते हळहळायचे, "गेलं! ताकद गेली बघा." आता साबणाच्या पाण्यात कसली आलीय ताकद? पण हे आमचे शेजारी पेपर मिलच्या लॅबमधले केमिस्ट. त्यांना गटारात लक्ष्मी दिसायची.

कॉलनीच्या सांडपाण्यात ते मॅग्नेशियमच्या पट्ट्या सोडून वीज लावत. मग पाण्यातलं फॉस्फेट पांढरं होऊन तळाशी बसे. विकतच्या खतात हेच असतं, असं ते येईल-जाईल त्याला ऐकवत. मिलमधले लोक त्यांना गटारसाहेब म्हणत. त्याचंही त्यांना काही वाटत नसे.

शाहपुरात त्यांच्या मेहुण्याची केळीची बाग. तो म्हणायचा, "दाजी, गटाराची चीज केळीला टाकू? माझी केळी देवाला जाते." शेवटी मोठ्या मिनतवारीनं तो एका ओळीपुरता तयार झाला. निवृत्ती तोंडावर आली होती. ती ओळ जोमानं वाढली, तरच आपलं कुणी ऐकेल, एवढीच त्यांची आशा होती.

वर्षभर साठवलेली पूड त्यांनी पहिल्यांदाच घरी आणली, अंगणात रद्दीवर वाळत घातली आणि ड्युटीवर गेले. त्या दिवशी गणपती बसायचे होते आणि नेमकी रांगोळी संपली. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, ती पूड चिमटीत धरून पाहिली आणि सगळीच्या सगळी मंडपात आणून दिली. आम्ही बायकांनी मैदानाच्या मातीवर हे एवढं कमळ काढलं. अशी शुभ्र रांगोळी बाजारातसुद्धा मिळत नाही, यावर आमचं एकमत झालं.

संध्याकाळी ते आले आणि कमळापाशी उभेच राहिले. वहिनींना वाटलं, कौतुक करताहेत.

"अगं, ही माझी केळीची ओळ," ते एवढंच म्हणाले.

मग काय विचारता! गुरुजींनी गोमूत्र शिंपडलं. आम्ही साबणानं हात घासघासून धुतले आणि ते पाणी पुन्हा मोरीत सोडलं. रात्रीच्या पावसानं कमळ मातीत मुरलं. मेहुण्याला द्यायला चिमूटभरही पूड उरली नाही.

ते निवृत्त होऊन साताऱ्याकडे गावी गेले. पट्ट्या भंगारात गेल्या. मला फार वाईट वाटलं.

दिवाळीनंतर मेहुणा बहिणीचं राहिलेलं सामान न्यायला आला. मैदान सगळं वाळून पिवळं पडलेलं. आमच्या कमळाच्या जागी तेवढं गुडघाभर हिरवंगार गवत, आणि कॉलनीतल्या गाई तिथंच तोंड घालून उभ्या. ते बघून तो माझ्याकडे वळला.

"ताई, दाजींची ती पूड अजून भेटेल का?"

मी मोरीकडे निघाले होते. भरली बादली हातात तशीच राहिली.