सात नंबरची नळी

उनाइसी नाइवालू वर्गात शिरायच्या आधी तिचं हसू शिरायचं. सुवा शहरातल्या आमच्या शाळेत एकोणीस वर्षं ती प्रयोगशाळेच्या मुलांना रक्त तपासायला शिकवत होती. मी राजमती, तिच्या शेजारच्या टेबलाशी सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या रंगवायला शिकवायचे.

दर सत्रात ती माझ्यापुढे दंड धरायची. "काढ गं! गाऊ बेटाचं एक नंबर रक्त आहे." मग तिची नळी इतर नळ्यांत मिसळायची, वर फक्त आकडा. मुलांनी गट सांगायचा आणि रक्तात प्रतिपिंड, म्हणजे परक्या पेशींशी भांडणारी प्रथिनं, आहेत का ते शोधायचं. तिच्या नळीचं उत्तर ठरलेलं: ओ पॉझिटिव्ह, प्रतिपिंड नाहीत. ते तिच्या वहीत आधीच लिहिलेलं असायचं, आणि वही टेबलावर उघडी पडलेली असायची.

त्या वर्षी तिची नळी सात नंबरची होती. तेवीस मुलांत जोवेसा सगळ्यात सावकाश. त्यानं लिहिलं: तपासणीच्या दुसऱ्या नळीत पेशी एकमेकींना चिकटल्या, प्रतिपिंड आहेत.

"पेशी नीट धुतल्या नाहीस," उनाइसी म्हणाली.

त्यानं पुन्हा धुतल्या. पुन्हा तेच.

"तुमच्या गावात नळ्या ओढ्यात विसळतात वाटतं?"

वर्ग खो खो हसला. जोवेसाचे कान लाल झाले, पण तिसऱ्यांदा सगळं करून त्यानं तेच उत्तर पुढे ठेवलं. "मॅडम, खोडायला सांगाल तर खोडतो. पण दिसतंय ते दिसतंय."

उनाइसीचं हसू थांबलं. तिनं नळी उजेडात धरून हलकेच तिरकी केली. तळाच्या तांबड्या थरातून बारीक दाणे सुटे झाले, साबुदाण्याच्या कण्यांसारखे. मग तिनं सगळी तपासणी स्वतः केली. दाणे होतेच.

ती दुपार आम्ही दोघींनी अकरा वेगवेगळ्या पेशींशी तिचं रक्त ताडून पाहण्यात घालवली. ज्या पेशींवर 'ई' नावाची खूण होती, तेवढ्यांशीच ते भांडत होतं. एवढ्या वर्षांत कधी नव्हतं ते आत्ताच कुठून आलं?

"अगं," मी म्हणाले, "मागच्या वर्षअखेरच्या सुट्टीत गर्भाशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या होत्या ना? त्यात 'ई' असणार."

तिनं कपाळावर हात मारला. "पोरांना पहिला प्रश्न हाच विचारायला शिकवते, आधी कधी रक्त चढवलंय का! आणि स्वतःचंच विसरले!"

दुसऱ्या दिवशी तिनं वर्गाला सगळं सांगितलं. "सात नंबर माझी. बरोबर उत्तर एकट्या जोवेसाचं."

मागच्या बाकावरच्या सालोतेनं हळूच हात वर केला. "मॅडम, मलाही दिसले होते दाणे. पण तुमची वही पाहिली अन् खोडलं."

उनाइसीनं वहीतलं ते पान फाडलं. "चूक तुझी अर्धी, माझी पुरी. यापुढे उत्तर मी शेवटी लिहीन, तुमच्याबरोबर."

जोवेसाला आता धीर आला. त्याच्या आणि तिच्या गावात पिढीजात थट्टेचं नातं होतं. अशा गावच्या माणसाला वाट्टेल ते बोलावं, त्यानं रागवायचं नाही. इतके दिवस बिचारा मॅडम म्हणून गप्प होता.

"तुम्हा गाऊवाल्यांच्या अंगात रक्त कुठलं? माशाचं कालवण! दाणे नाही तर काय, काटेसुद्धा निघतील!"

"अरे मेल्या!" म्हणत तिनं हातातला डस्टर फेकला. नेम चुकला, खडूची धूळ माझ्यावर.

पुढच्या वर्षी पावसाळी पायरीवरून घसरून तिचं मांडीचं हाड मोडलं. पर्समध्ये प्रतिपिंडाची नोंद असलेलं कार्ड होतं. जोवेसा तेव्हा रक्तपेढीत उमेदवारी करत होता. त्यानं 'ई' नसलेल्या दोन पिशव्या निवडल्या, तिच्या रक्ताशी जुळवल्या आणि नेहमीप्रमाणे तीन तीनदा पाहिल्या. वरिष्ठांनी त्यावर सही केली. रक्त चढलं, ताप नाही की कापरं नाही.

चालता येऊ लागल्यावर ती काठी टेकत त्याच्या गावी आभार मानायला गेली. सोबत मी, आणि चटईत गुंडाळलेली भेट. वेशीवर म्हाताऱ्या बायका बादल्या घेऊनच उभ्या. थट्टेच्या नात्यातली पाहुणी कोरडी कशी शिरणार? उनाइसी नखशिखांत भिजली. मग उकडलेले कसाव्याचे कंद, नारळाच्या दुधातली रोरोची, म्हणजे अळूच्या पानांची, भाजी आणि भलामोठा मासा पुढे आला. जोवेसाच्या आजीनं तिला शेजारी बसवलं आणि पानात वाढतच राहिली.

"आजी, पुरे!" उनाइसी म्हणाली.

"गप खा," आजी म्हणाली. "आमच्या पोरानं रक्त जुळवलं, हाड नाही जोडलं. ते तुझं तुलाच भरायचंय."