खेळाचा उसना तास

२०२४ सालचा जून. बागांची उन्हाळी छाटणी उरकली होती, शाळा उघडायला थोडे दिवस होते, आणि आमच्या शाळेत वर्षाच्या नियोजनाची मीटिंग भरली. तिथून पुढच्या एप्रिलपर्यंत जे किस्से जमले, तेवढे मला उभ्या आयुष्यात मुंबई-आग्रा रोडवर ट्रक चालवून जमले नाहीत. मी सांगायला जात नाही. लोक विचारतात, मग एकातून दुसरा निघतो.

त्र्यंबक रोडवरून आत वळलं की आमचं गाव. शाळा चौथीपर्यंत. खोल्या दोन, शिक्षक दोन. पगारे बाई मुख्याध्यापिका, गणित आणि इंग्रजी त्यांच्याकडे. नाशिकहून स्कूटीवर येतात. पोरं त्यांना मॅडम म्हणतात, मी बाई म्हणतो. दुसरे देवरे सर, सटाण्याकडचे, गडबडले की त्यांच्या 'आहे'चं 'शे' होतं. मराठी, परिसर अभ्यास, चित्रकला आणि खेळ त्यांच्याकडे.

मी चौथी पास. माझी नात अनू त्या वर्षी चौथीत होती, म्हणून पालकांनी मला शाळा समितीचा अध्यक्ष केलं. मी नको म्हटलं नाही.

नियोजन म्हणजे एक मोठा कागद. डावीकडे महिने आणि तारखा, वर विषय. कोणत्या महिन्यात कोणता धडा, कोणतं गणित, खेळाचे तास किती, सगळं जूनमध्येच लिहायचं. मी म्हटलं, "मुंबईहून निघालेला ट्रक इंदूरला कधी पोचेल, हे ड्रायव्हर कसारा घाट चढल्याशिवाय सांगत नाही. तुम्ही बसल्या जागी एप्रिलचं सांगता."

बाई म्हणाल्या, "म्हणूनच तुमचा माल उशिरा पोचायचा, अण्णा."

मग मराठीच्या खाली एक शब्द दिसला. श्रवण. मी विचारलं, "हे काय असतं?"

"ऐकून घेणं," बाई म्हणाल्या. "मीटिंगमध्ये तुम्ही करत नाही ते."

मी सही केली.

*

त्या मीटिंगमध्ये देवरे सरांनी एकच मागणी केली. खेळाच्या तासाला चौथीच्या तिन्ही पोरींना सायकल शिकवायची.

याचं कारण गावात सगळ्यांना माहीत आहे. पाचवीची शाळा रोडच्या पलीकडच्या गावात. एसटी कधी येते, कधी येत नाही. पोरं कोणाच्याही मोटारसायकलवर लटकून जातात. पोरी चौथीनंतर घरी बसतात आणि पुढे बागेत कामाला लागतात.

आमच्या घरात नियम मी घातला होता. सायकल चालवता आली तर अनूला नवी सायकल घेईन आणि ती पाचवीला जाईल. नाही आली तर बघू. दुसऱ्याच्या गाडीवर पोरगी बसणार नाही. त्या रोडवर मी काय काय पाहिलंय, ते मला माहीत.

माझं "बघू" म्हणजे काय, हे घरात सगळ्यांना कळतं.

*

त्या वर्षी वरून सूचना आली होती, की महिन्याला एक विषय धरा आणि तो सगळ्या पुस्तकांत फिरवा. बाईंनी ऑगस्टला द्राक्ष धरलं. मराठीत द्राक्षावर निबंध, चित्रकलेत घड, परिसर अभ्यासात माती आणि पाणी.

गणितात बाईंनी फळ्यावर लिहिलं. एका पेटीत पाच किलो द्राक्षं, तर बारा पेट्यांत किती?

कोणी हात वर करेना. शेवटी एकाने विचारलं, "मॅडम, एक्सपोर्टची पेटी का लोकलची?"

"काही फरक पडत नाही."

"पडतो मॅडम. लोकलला कोणी मोजत नाय."

बाई म्हणाल्या, "गणितात सगळ्या पेट्या सारख्या असतात."

पोरं एकमेकांकडे बघत राहिली. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "मॅडमला व्यापारी लय फसवतील."

*

बाईंना द्वारकेचा चौक ओलांडून यावं लागतं. तिथलं ट्रॅफिक साऱ्या नाशिकला माहीत आहे. आठवड्यातून दोनदा तरी सरांना फोन येणार, "सर, परिपाठ घेऊन टाका, मी द्वारकेला अडकलेय." सर फोन ठेवून पोरांना सांगणार, "मॅडम द्वारकेला अडकल्या. चला, प्रार्थना."

पुढे सरांनी परिसराच्या तासाला तीर्थक्षेत्रं शिकवली. काशी कुठे, रामेश्वर कुठे, सगळी उत्तरं बरोबर आली. मग विचारलं, "द्वारका कशासाठी प्रसिद्ध आहे?"

अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, "मॅडम अडकतात."

*

आता उसन्याचं.

जुलैत बाईंच्या लक्षात आलं, की चौथीला भागाकार येत नाही. त्या सरांच्या वर्गाच्या दारात आल्या. "सर, आजचा खेळाचा तास जरा उसना द्या ना. पुढच्या आठवड्यात परत करते."

"घ्या की," सर म्हणाले. त्यांना नाही म्हणता येत नाही.

पुढचा आठवडा आला. भागाकारात बाकी राहायला लागली होती. तो तासही गेला. मग चाचणी आली. मग चाचणीत जे चुकलं ते सुधारायचं आलं. सायकल शाळेच्या भिंतीला टेकून उभी. सरांचीच जुनी, मधे दांडा असलेली. चिमण्या तिच्या हँडलवर बसायच्या.

शेजारणीकडून वाटीभर साखर न्यावी, तशी बाई तासांना यायच्या. पोरांना तो शब्द आवडला. एक दिवस अनू आजीला म्हणाली, "आजी, आजची भांडी तू घास, उसनी. पुढच्या आठवड्यात परत देते."

आमची मंडळी म्हणाली, "शाळेत जाऊन एवढंच शिकली."

*

देवरे सर भांडत नाहीत. पण सटाण्याचा माणूस गप्पही बसत नाही. खेळाचा तास मिळेना, तेव्हा त्यांनी सायकल बाकीच्या विषयांत घुसवली.

नोव्हेंबरचा विषय त्यांनी मागून घेतला. मराठीत सायकलचं आत्मवृत्त. चित्रकलेत सायकलचं चित्र. परिसर अभ्यासात वाहतुकीची साधनं. कार्यानुभवात पंक्चर काढणं. बाईंनाही मग गणितात चाकाचे आरे घ्यावे लागले.

डिसेंबरात केंद्रप्रमुख आले. साहेब चौथीच्या वर्गात बसले. पोरांनी त्यांना सायकलचा एकेक भाग सांगितला. फ्रीव्हील, चेन, ब्रेकचे गुटके. एका पोरीने पंक्चर काढून दाखवलं. साहेब खूश झाले. म्हणाले, "वा. आता मला कोण चालवून दाखवतं?"

सगळ्यांनी पुस्तकात डोकं घातलं.

साहेबांनी अनूला उभं केलं. "तू दाखव बाळा."

अनू म्हणाली, "येत नाही साहेब. तो तास गणितात गेला."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर सायकलकडे बघत होते.

*

साहेब गेल्यावर बाईंनी नियोजनाचा कागद काढला आणि माझ्यासमोर सरांना शब्द दिला. "सर, सगळे तास एकदम परत करते. पूर्ण दिवस तुमचा. मी गणिताचं पुस्तक उघडणार नाही." कागदावर बोट फिरवत त्या फेब्रुवारीच्या शेवटी थांबल्या. "हा बघा. एकोणतीस फेब्रुवारी. मोकळा आहे."

सर म्हणाले, "चालेल."

मी म्हणालो, "चालेल."

तिघांच्या सह्या झाल्या. अनूने भिंतीवर कोळशाने तारीख लिहून ठेवली.

*

मधे जानेवारी आला. त्या महिन्यात काय घडलं, ते त्र्यंबकच्या यात्रेमुळे. पौषातली यात्रा म्हणजे आमच्याकडे घराला कुलूप. बाई शहरातल्या, त्यांनी नेमकी त्याच दिवशी घटक चाचणी ठेवलेली. सरांनी सांगून पाहिलं. बाई म्हणाल्या, "नियोजन म्हणजे नियोजन."

चाचणीला तिसरीतली एकच मुलगी आली. बाईंनी तिचं कौतुक केलं. "शाब्बास. यात्रा सोडून अभ्यासाला आलीस."

ती रडायला लागली. "मॅडम, जीपमध्ये जागाच उरली नाय."

पेपर तपासून झाला. ती पहिली आली आणि शेवटचीही आली.

*

फेब्रुवारी संपत आला. अठ्ठावीस तारखेला सरांनी सायकलला तेल दिलं, हवा भरली, सीट खाली केलं. सुटताना पोरींना सांगितलं, "उद्या पंजाबी ड्रेस घालून या. ओढणी नको."

बाईंनी डोकं वर केलं. "उद्या एक तारीख आहे, सर."

"उद्या एकोणतीस शे, बाई."

भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. अठ्ठावीसनंतर मार्च. नियोजनाचा कागद बाईंनी मागच्या वर्षीच्यावरून उतरवला होता, आणि मागचं वर्ष लीपचं होतं. सगळ्यांनी तो कागद पाहिला होता, तपासणीला आले तेव्हा साहेबांनीसुद्धा. मीही सही केली होती. महिन्याचे दिवस मला बोटांवर येतात, पण त्या दिवशी बोटं उघडली नाहीत.

बाई खुर्चीत बसल्या. "सर, आता पुढचं एकोणतीस फेब्रुवारी..."

"दोन हजार अठ्ठावीसला," सर म्हणाले. "थांबू की. अनू तेव्हा सातवीत असंल." मग चेनवरचं जादा तेल फडक्याने पुसत म्हणाले, "पाचवीत पोचली तर."

*

मार्चमध्ये सरांनी मधली सुट्टी धरली. पोरी डबा लवकर संपवायच्या आणि सर सायकलमागे पळायचे. एका हातात कॅरिअर, दुसऱ्यात स्वतःची पँट. बाकीच्या दोघी शिकल्या. अनूची भीती सुटेना. ती खाली बघायची.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी सायकल, अनू आणि सर तिघेही चिंचेखाली पडले. अनूला खरचटलंही नाही, कारण ती सरांवर पडली. सर खालूनच ओरडत होते, "बरा शे, मी बरा शे."

बरे नव्हते. गुडघा एवढा सुजला, की डॉक्टरने पळणं बंद केलं.

मी शाळेत गेलो. बाई म्हणाल्या, "अण्णा, अनूला भागाकार आला बरं का. तीन आकडी."

"सायकल?"

बाईंनी हजेरीपट मिटला. मग म्हणाल्या, "भागाकार आला नसता तर पाचवीत रडली असती ती."

"पाचवीत पोचायला तर हवी."

"तिला कोण अडवतंय? रस्ता, की तुमचं ते बघू?"

मला असं कोणी बोलत नाही. मी टोपी घातली आणि घरी आलो. ताटावर बसलो तर मंडळीने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "भागाकार आला तिला." दोन घास कमी खाल्ले.

*

एप्रिलची सकाळची शाळा. परीक्षा संपली होती. निकालपत्रकावर अध्यक्षाची सही लागते, म्हणून मी लवकर गेलो.

पगारे बाई त्या दिवशी साडीत नव्हत्या. ड्रेस घातलेला, पायात स्वतःच्या मुलाचे बूट. फळ्यावर दिवसाचे तास लिहिलेले होते. मराठी, गणित, इंग्रजी, परिसर. बाईंनी डस्टर घेतला आणि वरपासून खालपर्यंत पुसलं. मग प्रत्येक तासाच्या जागी लिहिलं, खेळ. दुसऱ्या दिवशीही खेळ. आठवडाभर खेळ. देवरे सरांना त्यांनी ओट्यावर खुर्ची दिली, पाय ठेवायला स्टूल दिलं.

"अनू, चल."

अनू सीटवर बसली. दोन्ही हातांनी हँडल आवळलं. बाईंनी कॅरिअर धरलं. "खाली बघायचं नाही. पाढा म्हणायचा. एका पायडलला एक. म्हण, बे एके बे."

"बे एके बे."

"बे दुणे चार."

पहिल्या दिवशी बे चोकला पडली. दुसऱ्या दिवशी बे सकला. बाईंचा चेहरा लाल, केस सुटलेले, पण कॅरिअर सोडायच्या नाहीत. मी रोज जात होतो. निकालपत्रकावर रोज सही लागत नाही, हे मला कोणी ऐकवलं नाही.

शनिवारी दोघींचा आवाज मिळून चालला होता. बे एके बे. बे दुणे चार. बे त्रिक सहा. सायकल चिंचेपाशी आली. बे पंचे दहा. बे सक बारा. मग एकच आवाज यायला लागला. बे साती चौदा. बे आठी सोळा. बाई चिंचेखाली गुडघ्यांवर हात टेकून उभ्या होत्या. आवाज फाटकाकडे चालला होता.

मी फाटकात उभा होतो. बाजूला झालो.

बे नव्वे अठरा. बे दाहे वीस. मग रस्त्यावरून तिचा पाढा ऐकू आला. बाईंनी सांगितलेला नव्हता. तिने तिनाचा सुरू केला होता.

बाई ओट्याशी आल्या. पायरीवर बसल्या. बुटांच्या नाड्या सैल केल्या.

"सर," त्या म्हणाल्या, "फिटले का?"

देवरे सरांनी स्टूलवरून पाय खाली घेतला.

"फिटले, बाई."