आत्यासोबत लालबागच्या वखारीत, फिकट लाकडासाठी

"मला एक वस्तू कातून दे. लाकूड मात्र फिकट हवं, आणि ते मी निवडणार," गिरगावची आत्या फोनवर म्हणाली आणि मी चिपळूणहून निघाले. घरी माझा छोटा लेथ आहे. त्यावर फुलदाण्या, लाकडी फळं असं काहीबाही कातते. काका गेल्यापासून आत्याने पहिल्यांदाच काही मागितलं होतं. वस्तू कोणती ते सांगेना. काकांच्या फोटोपुढची फुलदाणी असणार, असं मी धरून चालले.

दादरला उतरले तर आत्या फुलबाजाराच्या तोंडाशी उभी. कपाळ मोकळं, त्याची अजून सवय झाली नव्हती. थालीपीठ आणि पियुष घेऊन टॅक्सीने लालबाग गाठलं. तुम्ही जाणार असाल तर आधी पोटात काही घालाच, कारण वखारीत वेळ कसा जातो कळत नाही. छोटे तुकडे तिथे वजनावर मिळतात.

वखारवाल्या भाऊंनी हळदूचा तुकडा दाखवला. आत्याने मान हलवली. "पिवळा आहे." दुधी कुडा पांढराशुभ्र, पण टोकाला चीर गेलेली. मग शिवणीचं लाकूड आलं, सायीच्या रंगाचं. मी ओलं बोट फिरवलं. पॉलिशनंतरचा रंग असा आधीच कळतो. बुरशीचा निळसर डाग कुठे नव्हता.

"काय बनवायचंय?" भाऊंनी विचारलं.

"करंडा," आत्या म्हणाली.

"कुणाला द्यायला?"

"मलाच. आतलं कुंकू उठून दिसायला हवं."

भाऊंनी तुकडा कागदात गुंडाळला.

परतीच्या टॅक्सीत ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ह्यांना मी कुंकू लावलेली आवडायचे. गेले तेव्हा बायकांनी पुसलं, मी पुसू दिलं. ह्यांनी कुठं सांगितलं होतं पुस म्हणून?"

मी तिचा हात धरला. गिरगाव येईपर्यंत सोडला नाही.

चिपळूणला घरी येऊन कातायला बसले. पहिलं झाकण सैल झालं, दुसरं नीट बसलं. रंग दिला नाही, नुसतं मेण चोळलं. करंडा पाठवला आणि फोनची वाट बघत राहिले. आत्याच्या चाळीत कोण काय बोलेल याची मला तिच्यापेक्षा जास्त धास्ती होती.

चार-पाच दिवसांनी फोन आला. "लावलं गं. शेजारच्या वहिनी दारात आल्या, बघतच राहिल्या."

"मग?"

"मग मी करंडाच पुढे केला. म्हटलं, घ्या."

"आणि त्या?"

"त्यांनी कपाळ पुढे केलं. म्हणाल्या, तुम्हीच लावा."