टिटवीच्या डोळ्याइतकं खाली

"उठायचं कसं, ते आधी बघायचं. मग खाली जायचं."

माळावर पालथं पडण्याआधी चाचा हे म्हणायचे आणि खरोखरच आधी उठण्याची तयारी करायचे. उजव्या हाताशी काठी ठेवायची. डाव्या अंगाला कूस वळवण्यापुरती जागा खडे-सराटे वेचून मोकळी करायची. मग गोणपाट अंथरायचं, गुडघ्यांना जुन्या ट्यूबचे तुकडे बांधायचे, हनुवटीखाली बाजरीच्या भुसकटाची उशी घ्यायची. तसलीच दुसरी उशी कॅमेऱ्याखाली. भुसकट लेन्सच्या आकाराला बसतं, हात थरथरला तरी फोटो थरथरत नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा हा सरंजाम मांडून होईस्तोवर माझ्या दोन शिंका होत आणि एकदा चहाची आठवण निघे.

शिरूरच्या आसपास वाढला असाल, तर तुमचा शाळेच्या फॉर्मवरचा फोटो बहुधा चाचांनीच काढलेला असेल. पुढे मोबाइल आले आणि त्यांनी स्टुडिओ बंद केला. चाची गेल्या. मुलगा रेल्वेत लागून दौंडला स्थायिक झाला. चाचा एकटे शिरूरला राहिले आणि माळावरचे पक्षी काढू लागले.

"उभा जन्म लोकांना मान वर करा, मान वर करा म्हणत आलो," ते सांगायचे. "आता मी माझी खाली घालतो."

माझी त्यांची गाठ न्हावऱ्याच्या माळावर पडली. मी कंपनीत स्टोअरकीपर. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, म्हणून मी कॅमेरा घेतला. आमच्या घरात असेच निर्णय होतात. एका सकाळी मी उभ्यानं टिटवीचा फोटो काढत होतो, तर पायाजवळच्या ढेकळातून आवाज आला.

"साहेब, उभ्यानं काढलेला पक्षी म्हंजी पंचनामा. खाली या."

मी खाली गेलो. शर्टाचं एक बटण तुटलं.

"पोट आत घ्या. टिटवी बघतीया."

त्या दिवशी मी पहिल्यांदा टिटवीच्या डोळ्याला डोळा भिडवला. वरून मातकट दिसणारा पक्षी समोरून एखाद्या घरमालकिणीसारखा दिसतो. कोण आलंय, कशाला आलंय, जाणार कधी, सगळं त्या नजरेत.

मग सुट्टीच्या सकाळी मी त्यांना शिरूरहून गाडीवर आणू लागलो. तिसऱ्या वर्षी एकदा उठताना ते अडकले. कूस वळवली, लहान मुलासारखे हातापायांवर आले, काठी धरली आणि तिथंच थांबले. मी लेन्स पुसण्याचं सोंग करत राहिलो. बऱ्याच वेळानं त्यांनी न बघता एक हात वर केला. मी ओढलं. दोघांच्याही कमरा वाजल्या.

"तुमची वाजली," ते म्हणाले.

पुढच्या खेपेला काठी नव्हती. "विसरलो," म्हणाले. त्यानंतर ते दर खेपेला विसरू लागले. त्यांची उठायची सोय म्हणजे आता मी होतो. हे मुलाला माहीत नव्हतं. अब्बा मित्राबरोबर फिरायला जातात, एवढंच त्याला माहीत होतं.

त्या उन्हाळ्यात उघड्या मुरमावर टिटवीची चार अंडी सापडली. खड्यांत खडे. पिल्लं अंड्यातून निघाली की दिवसभरात जागा सोडतात, त्यामुळे फोटोला एकच सकाळ मिळते. चाचांची ती सकाळ दोन वर्षं हुकली होती.

"यंदाच काय ते, साहेब. पुढल्या वर्षी कंबर ऐकायची न्हाई."

एका अंड्याला तडा दिसला, त्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडता मी त्यांना तिथं पोचवलं. ते पालथे झाले, मी अंगावर मातकट चादर टाकली. दोन माणसांना टिटवी बुजते, म्हणून मी निघायचं ठरलं होतं. फोन वाजू नये म्हणून तो त्यांनी माझ्याकडेच दिला.

"आठला या. ऊन चढल्यावर माझं काय खरं न्हाई."

मी फाट्यावर गेलो. तिथं मेहुणा भेटला. मिसळ सांगितली, मग रस्सा वाढून घेतला, मग त्याच्या मुलीच्या स्थळाची गोष्ट निघाली. माळावर परतलो तेव्हा साडेनऊ झाले होते.

बांधावर पंधरा-वीस माणसं उभी होती.

झालं होतं असं. एका मेंढपाळानं पाहिलं, की माळावर कुणी डोक्यापासून चादर घेऊन पालथा पडलाय, चपला बाजूला नीट काढून ठेवल्यात. त्यानं लांबूनच दोन हाका मारल्या. पडलेला हलला नाही. मेंढपाळानं पोलीस पाटलांना फोन केला. पाटील आले, लोक आले आणि आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे सगळे लांब उभे राहिले. एकानं चपलांचा फोटो काढून 'अनोळखी इसम मयत, ओळख पटल्यास कळवावे' असा तालुक्याच्या ग्रुपवर टाकलाही होता.

मी पुढे निघालो, तर पाटलांनी दंड धरला. "पाव्हणं, पोलीस येस्तवर हात लावायचा न्हाई."

"अहो, ते जिवंत आहेत."

"तुमाला काय म्हाईत?"

मी दंड सोडवून घेतला, जवळ जाऊन वाकलो. चादरीतून आवाज आला.

"हळू पाय टाका. दुसरं फुटतंय."

त्यांचे ओठ सुकले होते, पाय मेले होते. उठता येत नव्हतं, पण ओरडले नव्हते ते मुद्दामच. नंतर मला म्हणाले, "बोललो असतो तर सगळी धावत आली असती. अंड्यावर पाय पडला असता कुणाचा तरी." म्हणून तासभर माणूस मयत होऊन पडला होता.

मी काखेत हात घालून उठवलं. बांधावरच्या लोकांना हसावं की रागवावं कळेना. मेंढपाळानं तेवढं पाणी आणून दिलं.

तास-दीड तासानं दौंडहून मुलगा आला. चपला त्यानंच मागच्या ईदला घेतल्या होत्या, फोटोत पाहताच ओळखल्या होत्या. तो वाटेत असताना मी तीनदा फोन करून सांगितलं, पण समोर पाहीपर्यंत त्याचा विश्वास बसला नव्हता. तो बापाचे पाय दाबत रडला.

"अब्बा, तुम्ही माझ्या फोनवर मयत म्हणून आलाय."

मग तो माझ्याकडे वळला. "आन् तुम्ही कुठं होता?"

मी तोंड उघडलं. चाचा आधी बोलले.

"त्यांना मीच म्हणलं होतं, उशिरा या."

मी तोंड मिटलं. मुलानं त्याच दिवशी त्यांना दौंडला नेलं. त्याच्या जागी मी असतो, तर मीही नेलं असतं. कॅमेरा त्यानं कपाटावर ठेवला. आतल्या कार्डात पिल्लू आलंय की नुसता मुरूम, हे आजही मला ठाऊक नाही. मागायला तोंड नाही.

थंडी सुरू होताना चाचा गेले. त्याच्या महिनाभर आधी मी त्यांना भेटून आलो होतो. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, गॅलरीत प्लॅस्टिकची खुर्ची, खुर्चीत चाचा. खाली फरशीवर तुळशीची एक रिकामी कुंडी, तिच्यात होला पक्ष्यानं काटक्या घालून घरटं केलेलं. पिल्लू बसलं होतं.

"वरनं नुसती पाठ दिसती," चाचा म्हणाले. आत सून चहा टाकत होती. तिकडे एकदा बघून त्यांनी आवाज बारीक केला. "साहेब, मला खाली घ्या. पाचच मिन्टं. कॅमेरा नको. नुसतं बघतो."

मी दाराकडे पाहिलं. पडले तर, मुलगा आला तर, पुन्हा मलाच विचारलं तर.

"पुढच्या वेळी, चाचा."

त्यांनी आग्रह केला नाही. "व्हय. पुढल्या येळेला." मग माझ्या गुडघ्यांची चौकशी केली.

चहा घेऊन निघालो. दारातून वळून पाहिलं, तर खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून चाचा पुढे वाकले होते आणि मान जाईल तेवढी खाली घालून बघत होते.