माझं गाणं, पेंटरची सही

काम संपलं की कोपऱ्यात सही करायची पेंटरला खोड होती. दुकानाची पाटी असो की ट्रॉलीवरचा घोडा, खाली उजवीकडे झोकदार अक्षरात ‘पेंटर’ लिहिल्याशिवाय तो ब्रश धुवायचा नाही. त्या सहीनं माझं एकुलतं एक गाणं खाल्लं.

गडमुडशिंगीत मी जुने ट्रॅक्टर विकतो. माझ्याच गोडाऊनमध्ये आमच्या चौघांच्या रॉक बँडची तालीम चालायची. पेंटर गायचा, मी गिटार वाजवायचो. अल्बम निघाला तेव्हा त्यात आठ गाणी पेंटरची होती, एक माझं. मी भांडून ठरवून घेतलं, की कुणाचं वेगळं नाव छापायचं नाही, सगळी गाणी बँडची. एक देऊन नवांत वाटा! पेंटर नुसता हसला.

“घे की शेठ. गाणी काय म्हशी हाईत व्हय, दावणीला बांधायला?”

कव्हर त्यानंच रंगवलं आणि सवयीनं सही ठोकली. अख्ख्या कव्हरवर माणसाचं नाव तेवढं एकच. पुढं नेमकं माझंच गाणं गावोगाव वाजलं. लोकांनी सही वाचली आणि ते पेंटरचं करून टाकलं.

“सही कशाला केलीस?” मी त्याला धरलं.

“चित्र माझं न्हाय व्हय?”

त्यात ते गाणं माझ्यापेक्षा त्याच्या गळ्यात शोभायचं, याचा संताप वेगळाच.

त्यानं मात्र ते कधी स्वतःचं म्हटलं नाही. जयसिंगपुरात कार्यक्रमानंतर पोरांनी त्याला गराडा घातला, तेव्हा माझ्याकडं बोट करून म्हणाला, “माझं न्हाय रं, शेठचं हाय.”

“काय मोठं मन हाय बघा!” पोरं म्हणाली.

मी ओरडलो, “आरं, खरंच माझं हाय!”

“पावणं, जरा लाज वाटू द्या की,” एकजण म्हणाला.

गेल्या महिन्यात पेंटर गेला. शोकसभेत ‘पेंटरकाकांची रचना’ म्हणून माझंच गाणं सुरू झालं. मी ताडकन उठलो. शेजारी त्याची बायको रडत होती.

“काय झालं, भावजी?”

मी परत खाली बसलो. चारचौघांत ते गाणं माझं म्हणणारा जगात एकच माणूस होता, आणि समोर त्याच्या फोटोला हार घातला होता.