देवीचा बोकड आणि बाईचं लुगडं

बाई गेल्याचा फोन सकाळी सातला आला. बाई म्हणजे माझी थोरली बहीण. ती संग्रामपूरच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला दिलेली आणि मी देऊळघाटला. मधे तीन तासांचा रस्ता आणि अठरा वर्षांचा अबोला.

फोनवर तिचा मुलगा होता. रडला नाही, कामाचं बोलला. "मावशी, माय गेली पहाटे. लुगडं घेऊन या. दोन वाजेपर्यंत ठेवतो, मंग गावातले ऐकत नाहीत."

आमच्यात नवऱ्याच्या आधी बायको गेली की तिला माहेरचं हिरवं लुगडं नेसवून नेतात. सासरचं कितीही भारी असो, वर माहेरचंच लागतं. ते आलं नाही तर लोक म्हणतात, हिच्या मागे कोणी नव्हतं. आईबाप कधीच गेले. भाऊ गेला, त्याला मूलबाळ नाही. माहेर म्हणून उरले मी एकटी. लुगडं माझ्या पेटीत होतं. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला तिच्यासाठीच घेतलं होतं, नेऊन द्यायचं म्हणून. नेलं नाही.

माझा मुलगा पुण्याला. गाडी घेऊन आला तो जावई. बुलढाण्याला कचेरीत कारकून आहे. माणूस वाईट नाही. पण पूजा आटोपल्याशिवाय घराबाहेर पडत नाही, त्या दिवशीही पडला नाही. निघायला साडेनऊ झाले.

आता अबोल्याचं सांगते, कारण तो याच जावयावरून होता. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात बायका बसल्या होत्या, पलीकडे बाईचा नवरा सुपारी कातरत होता. बाई सगळ्यांसमोर म्हणाली, "पोरगा देवभोळा हाय. रस्त्यात गाय दिसली तं तिथंच पाया पडत बसंन अन् आपली पोरगी दारात वाट पाहत राहीन." बायका हसल्या. मला ते लागलं. मी म्हणाले, तू तुझ्या घरचं पाहा, माझ्या दारात येऊ नको. ती खरंच लग्नाला आली नाही. मग मीही गेले नाही. दोघी एकाच आईच्या.

जावयाला सासूने टाकून बोलायचं नसतं. हा नेम मी अठरा वर्षं पाळला आणि फार जड गेला.

राजूर घाट उतरलो, मोताळा गेलं, नांदुरा गेलं. पूर्णेच्या पुलावर त्याने गाडी हळू करून नदीला हात जोडले. मी घड्याळ पाहिलं. पुढे एका गावात पाराजवळ रस्त्याच्या मधोमध एक बोकड उभा होता. वासरापेक्षा मोठा. कपाळाला कुंकू थापलेलं, कानात पितळेची बाळी, गळ्यात घुंगरू. बाजूने जायला जागा होती. जावयाने गाडी थांबवली.

मी विचारलं, "काऊन थांबले?"

"देवीचा बोकड हाय, आई. असा सोडून जाता येत नाही."

देवीला सोडलेल्या जनावराला आमच्याकडेही कोणी मारत नाही. पण त्या गावाने आणखी एक वळण पाडलं होतं. येणारी गाडी थांबते, बोकडाला काहीतरी खाऊ घालते, मग पुढे जाते. जावयाला हे ठाऊक होतं, कारण कचेरीच्या कामाला तो या वाटेने येतो. आज त्याच्याजवळ बिस्कीट नव्हतं. म्हणून तो उतरला आणि मागचं दार उघडलं. मागच्या सीटवर माझी पिशवी होती. तीत ओटीचं खोबरं, त्याखाली कागदात बांधलेलं लुगडं. जावई ओटीतला खोबऱ्याचा तुकडा मोडत होता. मी म्हणाले, ते बाईचं आहे. तेवढ्यात बोकड त्याला ढकलून आत चढला आणि सीटवर बसला.

वास असा आला की माझे डोळे भरले. बाई गेल्यापासून पहिल्यांदाच.

जावई हात जोडून उभा. पारावरचे लोक आले. कोणी हात लावेना. एक म्हातारा म्हणाला, त्याच्या मनाने उतरेल. मी विचारलं, केव्हा? त्याने सांगितलं की मागच्या खेपेला हा ट्रॅक्टरवर चढला होता, तो नांदुऱ्याच्या बाजारापर्यंत गेला. तिथून वापस कसा आला म्हटलं, तर म्हणाला, "यष्टीनं. कंडक्टरनं तिकीट मागतलं नाही." सगळे हसले. मीही हसले असते, पण बाई तिकडे घरात झाकून ठेवलेली होती.

बोकडाने खोबरं संपवलं. मग कागद खाल्ला. मग हिरवा पदर त्याच्या तोंडात दिसला.

गुडघे दुखतात माझे, तरी मी उतरून मागे गेले आणि लुगड्याचं दुसरं टोक धरलं. मी ओढते, तो चावतो. लोक म्हणाले, "वढू नका बाप्पा, देवीच्या तोंडातलं हाय." मी पायातली चप्पल काढली आणि बोकडाच्या थोबाडावर दोनदा हाणली. लोक दोन पावलं मागे सरले. बोकडाने डोळे मिटले आणि चावत राहिला. शेवटी पदर फाटला. हातभर तुकडा त्याच्याकडे गेला, बाकीचं माझ्याकडे आलं.

जावई पांढरा पडला होता. मला म्हणाला, आई, तुम्ही देवीवर हात टाकला.

तेव्हा माझा नेम सुटला. मी म्हणाले, "माझी बहीण तिकडे वाट पाहत पडली आहे, आणि तुम्ही बोकडाला नैवेद्य दाखवून राह्यले. गाडी चालू करा. बसू द्या त्याला."

त्याने गाडी चालू केली. मी मागेच बसले, बोकडाच्या शेजारी. लुगडं पोटाशी धरलं होतं. पुढच्या आसनावर ठेवता आलं असतं, पण ते मला सुचलं नाही. जळगाव जामोद येईपर्यंत बोकडाने दोनदा माझ्या कुशीत तोंड घातलं. मी दोनदा कोपर मारलं. खिडकीबाहेर हरभरा काढणीला आला होता. मला एकच विचार होता. बाई म्हणाली होती तसंच झालं. गायीच्या जागी बोकड, एवढाच फरक. आणि ज्या बोलण्यावरून मी तिचं तोंड पाहिलं नाही, ते खरं निघालं होतं.

बहिणीच्या मुलाचा दोनदा फोन आला. दुसऱ्यांदा जावयाने उचलला आणि सरळ सांगितलं की देवीचा बोकड गाडीत आहे, म्हणून उशीर होतोय.

पोहोचलो तेव्हा दोनला दहा कमी होते. अंगणात माणसं, तिरडी बांधून तयार. बायकांनी मला पाहून गळा काढला. मी दार उघडलं, आणि माझ्या आधी बोकड उतरला, घुंगरू वाजवत. रडणं मधेच तुटलं. तो माणसांमधून सरळ गेला आणि दाराशी ठेवलेली फुलं हुंगू लागला. कोणी हाकलेना. कुंकू दिसत होतं.

बाईचा नवरा भिंतीला टेकून बसला होता. सकाळपासून तो कोणाशी बोलला नव्हता, असं मला मागून कळलं. त्याने बोकडाकडे पाहिलं, मग हात जोडून उभ्या असलेल्या जावयाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ती बोललीच होती," तो म्हणाला.

त्याचे खांदे हलायला लागले. हसत होता की रडत होता, ते मी पाहायला थांबले नाही.

आत बाईला आंघोळ घालून ठेवलं होतं. फार वाळली होती. रस्त्यात दिसली असती तर ओळखलं नसतं, असं म्हणणार होते, पण ओळखलं. आमच्या आईचं नाक. लुगड्याचा फाटका पदर पाहून तिच्या जावेने तोंड वाकडं केलं. म्हणाली, माहेरचं फाटकं नेसवायचं? मी म्हणाले, माहेरचं आहे ना, मग झालं. फाटकी बाजू आत घेतली, चांगली बाजू डोक्यावरून घेतली. निऱ्या मीच केल्या. लहानपणी तीच मला नेसवायची, तिच्या निऱ्या सरळ यायच्या, माझ्या आजवर आल्या नाहीत. त्या दिवशीही आल्या नाहीत. माफी वगैरे मागितली नाही. आता मागून काय उपयोग. तिला ऐकायची होती तेव्हा मागितली नाही.

दोन वाजता उचललं.

परत जाताना जावई म्हणाला, बोकड त्याच्या गावात सोडावा लागेल. मी हो म्हटलं. बोकड आपणहून चढला. आता पिशवी रिकामी होती, म्हणून मी पुढे बसले. जळगाव जामोद मागे पडलं तेव्हा त्याने विचारलं,

"आई, तिथं काका म्हणाले, मावशी बोलल्या होत्या. काय बोलल्या होत्या त्या?"

अठरा वर्षं आम्ही त्याला कारण कळू दिलं नव्हतं. त्याला वाटायचं, वाटणीवरून असेल. खोटं मला नीट जमत नाही.

"तुम्ही रस्त्यात थांबाल म्हणाली होती," मी म्हणाले. "गाय दिसली की. अन् घरचे वाट पाहत राहतील."

राग आला असेल तर यावा, असं माझ्या मनात होतं.

"एकदाच पाहिलं होतं त्यांनी मले," तो म्हणाला. "बरोबर ओळखलं न."

बोकडाचं गाव आलं. त्याने गाडी थांबवली, मागचं दार उघडलं आणि हात जोडून उभा राहिला. बोकड उतरेना. मी घड्याळ पाहिलं नाही. आता कुठे पोहोचायचं नव्हतं.