अण्णांच्या खिशातल्या गोळ्या

अण्णा पोर्टलीशला आले तेव्हा त्यांच्या बॅगेत कपडे कमी आणि लिमलेटच्या गोळ्या जास्त होत्या. संत्र्याच्या फोडीच्या आकाराच्या, वरून साखर लावलेल्या, कराडच्या एका ठरावीक दुकानातल्याच. मी म्हटलं, अण्णा, आयर्लंडमध्ये गोळ्या मिळत नाहीत असं कुणी सांगितलं तुम्हाला? तर म्हणाले, मिळत असतील, पण त्या ह्या नव्हेत. माझे वडील असं म्हणाले की विषय संपतो. आईने गुडघ्यांचं निमित्त करून यायचं टाळलं होतं, त्यामुळे त्यांना अडवणारं माझ्या घरात कुणीच नव्हतं.

लहान मूल समोर आलं की त्याच्या हातावर काहीतरी ठेवायचं, रिकाम्या हाताने त्याला जाऊ द्यायचं नाही, हा अण्णांचा नेम. घरी आलेलं असो, रस्त्यात भेटलेलं असो, एसटीत शेजारी बसलेलं असो. आमच्या गल्लीतल्या पोरांना त्यांचं नाव माहीत नव्हतं, खिसा माहीत होता. लहानपणी मला या प्रकाराचा भयंकर राग यायचा. माझ्या वाट्याच्या गोळ्या गावभर वाटल्या जातात आणि वर माझ्याकडूनच हसऱ्या चेहऱ्याची अपेक्षा, हे मला अजिबात मान्य नव्हतं.

आम्हाला इथे येऊन बरीच वर्षं झाली आहेत. नवरा आठवड्यातले तीन दिवस डब्लिनकडे, चेरीवूडच्या ऑफिसला जातो, मी बहुतेक घरूनच काम करते. डब्लिनच्या ओंगारसारख्या उपनगरात गणपतीला आरतीला रांग लागते म्हणे. आमच्या वसाहतीत मराठी बोलणारं दुसरं घर नाही. मुलीची शाळा उन्हाळ्यात बंद असते. तेव्हा तिला सांभाळायला कुणीतरी हवं होतं आणि अण्णांना नात हवी होती. दोघांचं जमलं ते पाहून मला थोडा हेवाच वाटला. ते कराडच्या मराठीत विचारायचे, "पडलीस व्हय गं?" आणि सहा वर्षांची माझी लेक गुडघा झटकत सांगायची, "आयम ग्रँड, आजोबा." इथे ठीक आहे म्हणायला सगळे ग्रँडच म्हणतात. ती मराठीत उत्तर देत नाही म्हणून मी चिडचिड करते. अण्णांनी एकदाही केली नाही.

घरांच्या मधोमध गवताचं मोठं मैदान आहे, त्याला सगळे ग्रीन म्हणतात. रोज दुपारी जेवण झालं की अण्णा नातीला घेऊन तिकडे जायचे. ती मैत्रिणींबरोबर सायकल फिरवायची आणि हे बाकावर बसायचे. अंगात मी घेतलेला तपकिरी स्वेटर आणि डोक्याला कानटोपी. ऐन ऑगस्टमध्ये कानटोपी. मी दोनदा काढून कपाटात टाकली, दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी ती परत डोक्यावर होती.

त्या उन्हाळ्यात आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय काय येत होतं ते मी अण्णांना दाखवत नव्हते. कुठे कुणा भारतीयाला धक्काबुक्की झाली, कुणाला बसमध्ये शिव्या ऐकाव्या लागल्या, संध्याकाळी एकटं फिरू नका. आमच्या गावात तसं काही घडलं नव्हतं. तरी दुकानात रांगेत उभी असताना मागे कोण आहे ते मी बघायला लागले होते. आधी कधी बघत नव्हते.

त्या दुपारी मी मीटिंगमध्ये होते. टेबलावरचा फोन उजळला आणि मग उजळतच राहिला. आमच्या वसाहतीचा ग्रुप. एरवी तिथे कचऱ्याचे डबे आणि हरवलेली मांजरं यापलीकडे काही नसतं. कुणीतरी लिहिलं होतं की ग्रीनवर एक माणूस मुलांना गोळ्या वाटतोय, कुणी ओळखतं का. खाली फोटो होता. पाठमोरा. तपकिरी स्वेटर, कानटोपी, पुढे केलेला हात आणि त्या हाताकडे बघणारी एक लाल केसांची मुलगी. माझी लेक फोटोत कुठेच नव्हती.

खाली धडाधड उत्तरं येत होती. टोपीवाला योर मॅन कोण आहे? इथे अमक्यातमक्याला सगळे योर मॅन म्हणतात, तो कुणाचाच नसला तरी. काल पण होता, एकीने लिहिलं. माझी पोरं आत्ता तिकडेच आहेत, दुसरीने लिहिलं. गार्ड्सना, म्हणजे पोलिसांना, कळवा, असं तिसऱ्याने. आणि मग ज्या बाईने फोटो टाकला होता तिनेच लिहिलं की तिचा नवरा निघालाय, बघतो म्हणाला.

मी लिहायला घेतलं, ते माझे वडील आहेत. खोडलं. ते वाचून कुणी त्या नवऱ्याला फोन करेपर्यंत तो पोचला असता. लॅपटॉपमधून कुणीतरी माझं नाव घेऊन प्रश्न विचारत होतं. मी लॅपटॉप तसाच उघडा टाकला आणि घरातल्या सपाता घालूनच पळत सुटले.

कोपऱ्यापासून ग्रीनपर्यंतच्या त्या तुकड्यात माझ्या डोक्यात जे आलं ते सगळं लिहिण्यासारखं नाही. अण्णांना इथलं इंग्रजी समजत नाही. वाचता येतं, सावकाश कुणी बोललं तर कळतं, पण इथली माणसं बोलताना अर्धं वाक्य गिळतात. त्यात अण्णांना एका कानाने कमी ऐकू येतं आणि त्या कानावर टोपी. कुणी ओरडून काही विचारलं तर ते हसतील, एवढं मला नक्की माहीत होतं. न कळलं की ते हसतात. त्या हसण्याचा समोरचा काय अर्थ लावेल, याची मला भीती वाटत होती.

बाकापाशी दोन पुरुष उभे होते. एक दांडगा, हातात गाडीची किल्ली, दुसरा थोडा मागे. अण्णा बसलेले होते आणि खरोखरच हसत होते. दांडगा काहीतरी विचारत होता. अण्णांनी मान डोलावली, खिशात हात घातला आणि एक गोळी काढून त्याच्यापुढे धरली. तो एक पाऊल मागे सरला आणि त्याचा आवाज चढला. मग अण्णा म्हणाले, "ग्रँडफादर, ग्रँडफादर," आणि लांब सायकल फिरवणाऱ्या मुलींच्या घोळक्याकडे बोट दाखवलं. सगळ्या गोऱ्या मुली, आणि त्यांच्यामागे कुठेतरी माझी. त्या माणसाने त्या बोटाकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा बदलला.

मी लांबूनच ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, बहुतेक मराठीत. जवळ पोचल्यावर धापा टाकत सांगितलं, हे माझे वडील आहेत, भारतातून आलेत, ती निळी सायकल माझ्या मुलीची आहे. त्या माणसाने निळ्या सायकलीकडे पाहिलं. मग त्याने किल्ली खिशात टाकली आणि मान हलवली.

"ग्रँड," तो म्हणाला. "तुम्हालाही मुलगी आहे. तुम्ही काय केलं असतं?"

उत्तर माझ्याकडे होतं. अनोळखी माणसाने दिलेलं काही घ्यायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, पळत घरी यायचं, हे मीच माझ्या लेकीला पाठ करून घेतलं होतं. तेवढ्यात अण्णांनी पुन्हा हात पुढे केला. त्या माणसाने यावेळी गोळी घेतली आणि ती कुठे ठेवावी ते न कळल्यासारखा मुठीत धरून निघून गेला.

"भला माणूस दिसतोय," अण्णा म्हणाले. "काय म्हणत होता?"

मी म्हणाले, गोळ्या देऊ नका म्हणत होता. इथल्या मुलांना कशाकशाची ॲलर्जी असते, आईबापांना विचारल्याशिवाय काही द्यायचं नसतं. हे खोटं नव्हतंच. अण्णांनी लगेच मानलं. अगं बाई, हे आधी नाही का सांगायचं, म्हणाले, उगा एखाद्या लेकराला काही झालं असतं म्हणजे. मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले.

घरी येऊन मी ग्रुपवर तीन ओळी लिहिल्या. मनात तीन पानं होती. काही अंगठे आले, एकीने हृदय टाकलं आणि तो फोटो नाहीसा झाला. संध्याकाळी फोटो टाकणारी बाई स्वतः दारात आली. हातात फडक्यात गुंडाळलेला घरी भाजलेला ब्रेड, डोळे लाल. मला फार वाईट वाटतंय, म्हणाली, मी आधी जाऊन बोलायला हवं होतं. मी नो बॉदर, काही हरकत नाही, म्हटलं, ब्रेड घेतला, चहाला थांब असंही म्हटलं. ती आली नसती तर बरं झालं असतं. मला तिच्यावर मनसोक्त संतापायचं होतं आणि तिने तेवढीही सोय ठेवली नाही.

नवरा ऑफिसातून आला तेव्हा सगळं त्याला सांगितलं. अण्णांना काही सांगायचं नाही असं आमचं ठरलं. ऑगस्ट संपला की ते परतणार होते. जाताना त्यांनी हे गाव चांगलं म्हणून बरोबर न्यावं, एवढंच मला हवं होतं. कराडला जाऊन ते सगळ्यांना सांगतील, आमच्या पोरीकडची माणसं कशी हसून बोलतात, पाऊस कसा चाळणीतून गाळल्यासारखा पडतो, गाई कशा धष्टपुष्ट. ते त्यांना सांगू द्यायचं. मी त्यावर पहारा ठेवणार होते.

पहारा दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी रात्रीच्या जेवणाला आमटी-भात होता. लेक भात चिवडत बसली होती. काय झालं विचारलं तर आधी काही नाही म्हणाली. मग, कुणाकडेही न बघता, त्या लाल केसांच्या मैत्रिणीबद्दल सांगून टाकलं. "शीज नॉट अलाउड टॉक टू आजोबा."

इतकं साधं इंग्रजी अण्णांना कळतं. मी विषय बदलायला तूप हवंय का विचारलं, नवऱ्याने उगाच पाण्याचा तांब्या उचलला. अण्णांनी हातातला घास ताटात ठेवला.

"गोळ्यांपायी?" त्यांनी मला विचारलं.

मी हो म्हटलं.

"ॲलर्जीमुळं?"

मला खोटं बोलता आलं असतं. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यात, खोटं बोल, मी मानेन, असंही काहीतरी होतं. पण मी त्यांचीच मुलगी, त्यांच्यासमोर खोटं बोलायला गेलं की माझे कान तापतात. मी सांगितलं. लेकीला कळू नये म्हणून आडून आडून, पण सगळं सांगितलं. फोटो, ग्रुप, तो माणूस कशासाठी आला होता ते. माझ्या बापावर लोकांनी काय संशय घेतला ते त्यालाच समजावून सांगण्याची वेळ माझ्यावर आली, याचा मला अजून राग आहे.

अण्णा चिडले नाहीत. ते चिडले असते तर मला हायसं वाटलं असतं. त्यांनी ताटातलं सगळं संपवलं, ताट स्वतः सिंकमध्ये नेऊन ठेवलं आणि म्हणाले, "त्यांचंबी बरोबर हाय. त्यांना काय ठावं, मी कोण." मग थोडा वेळ टीव्ही पाहिला. सकाळी खुंटीवर स्वेटर होता आणि त्याचे खिसे रिकामे होते. गोळ्यांची पिशवी त्यांनी गाठ मारून परत बॅगेत ठेवली होती.

पुढचे दिवस ते घरातच बसले. गुडघा दुखतोय म्हणाले, म्हणजे आईचंच निमित्त चालवलं. मी ग्रीनवर चला म्हटलं की नको, इथंच बरं आहे. कानटोपीही घालेनात. मी स्वतः कपाटातून काढून दिली तर म्हणाले, आता उकडतंय. बाहेर चांगलाच गार वारा होता.

त्यांच्या जाण्याच्या आधीच्या रविवारी मी हट्टाला पेटले. मी बरोबर येते, सगळे जाऊ, म्हटलं. नातीला सायकल शिकवायची त्यांनी कबूल केलं होतं, मागची दोन छोटी चाकं काढून. ते शब्दाला पक्के, त्यामुळे आले. ग्रीनवर बरीच माणसं होती. एकदोघांनी हात केला, मीही केला. अण्णांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले होते आणि ते तसेच, नातीपासून दोन पावलं लांब, तिच्या कडेने चालत होते. मला सीट धर, तिला हँडल सरळ ठेव, पुढं बघ. सायकलला हात न लावता नुसतं तोंडाने शिकवणं चाललं होतं. मी सायकल धरून पळत होते आणि मग मी ती सोडली.

ती बऱ्याच लांबपर्यंत गेली. मग चाक अण्णांच्या बाजूला वळलं आणि ती जोरात आपटली. अण्णा तिच्यापासून सगळ्यात जवळ होते. तिचं कोपर सोलवटलं होतं, हनुवटीला माती लागली होती. एरवी आयम ग्रँड म्हणणारी माझी मुलगी गवतात बसून मोठ्याने रडत होती आणि दोन्ही हात वर करून म्हणत होती, "आजोबा, उचल ना. आजोबा."

अण्णा वाकले. त्यांचे हात पाठीमागून सुटले, अर्ध्यावर आले आणि तिथेच थांबले. त्यांनी मान वर करून ग्रीनभोवतीच्या घरांच्या खिडक्यांकडे पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"उचलू का?" त्यांनी विचारलं.